शाँफोर : आयुष्य, सूक्ती आणि वारसा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाँफोर कोण होता?

सेबास्तियँ-रॉक निकोला हे त्याचे मूळ नाव. ‘द शाँफोर’ हे त्याने तरुणपणी स्वतःच धारण केलेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा फ्रेंच लेखक हयातीत नाटककार म्हणून, अकादमीची पारितोषिके पटकावणारा निबंधकार म्हणून आणि पॅरिसच्या उच्चभ्रू बैठकांमधला हजरजबाबी पाहुणा म्हणून ओळखला जात होता. आज ती नाटके अभ्यासकांखेरीज फारसे कोणी वाचत नाही. त्याचे नाव टिकले आहे ते कागदाच्या लहान-लहान तुकड्यांवर त्याने टिपून ठेवलेल्या वचनांमुळे आणि किश्शांमुळे, आणि त्यांतले काहीही त्याने स्वतः पुस्तकरूपाने छापलेले नव्हते.

या पानावरील उत्तरांमागे एक निश्चित भूमिका आहे आणि ती आधीच सांगून टाकणे बरे. शाँफोरची वचने सुटी-सुटी वाचली, तर तो जगावर चिडलेला एक चतुर माणूस एवढाच दिसतो. पण तीच वचने त्याच्या किश्शांच्या शेजारी ठेवून आणि त्याच्या आयुष्याच्या संदर्भात वाचली, तर एका कोसळू पाहणाऱ्या समाजव्यवस्थेविरुद्ध आतल्या माणसाने जमवलेला पुरावा आपल्या हाती लागतो. त्याला वाचण्याची खरी रीत ही दुसरी आहे, असे आम्हांला मनापासून वाटते.

त्याचा जन्म कधी आणि कोणत्या घरात झाला?

मध्य फ्रान्सच्या ओव्हेर्न प्रांतात, क्लेरमाँ येथे. त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या बाप्तिस्म्याच्या दोन वेगवेगळ्या नोंदी असल्यामुळे जन्मसालाबाबत ग्रंथांमध्ये एकवाक्यता नाही. काही ठिकाणी १७४० तर काही ठिकाणी १७४१ असे साल आढळते. निकोला आडनावाच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी तो वाढला. तो अनौरस होता आणि त्याची जन्मदात्री उमराव घराण्यातली होती, असे त्याचे चरित्रकार सर्वसाधारणपणे मानतात.

ही बाब कुतूहलापुरती सांगितलेली नाही. ज्या वर्गात त्याला पुढे मानाने जेवायला बोलावले जाई, त्याच वर्गाने त्याला जन्मतःच दाराबाहेर ठेवले होते. श्रेष्ठत्व हे कर्तृत्वाने येते की कुळाने, हा प्रश्न त्याच्या टिपणांत पुनःपुन्हा उपस्थित होतो आणि प्रत्येक वेळी तो प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात एक जुनी जखम ऐकू येते.

त्याचे शिक्षण कोठे झाले?

शिष्यवृत्तीवर पॅरिसच्या ग्रासँ महाविद्यालयात. तिथे तो हुशार विद्यार्थी म्हणून गाजला. पाद्री झालास तर धर्मसंस्थेतली उत्पन्नाची जागा मिळवून देतो, असे महाविद्यालयाच्या प्रमुखांनी सुचवले, तेव्हा त्याने दिलेले उत्तर त्याच्या मित्रांनी जपून ठेवले आहे. आपल्याला शांतता, तत्त्वज्ञान, स्त्रिया, स्वाभिमान आणि खरी कीर्ती यांची फार ओढ आहे. भांडणे, ढोंग, मानमरातब आणि पैसा यांची ओढ फारच कमी आहे. म्हणून आपण पाद्री कधीच होणार नाही, असे तो म्हणाला. ‘स्वाभिमान हवा, मानमरातब नको’ हा भेद त्याने ऐन विशीत केला होता, आणि आयुष्यभर तो त्याला पुरला.

त्याची नाटके कोणती आणि ती विस्मरणात का गेली?

१७६४ मध्ये कोमेदी-फ्राँसेझ या राजाश्रयी नाट्यगृहात त्याची ‘ला जन इंदियेन’ ही एकांकी सुखात्मिका सादर झाली. शीर्षकावरून भारतीय वाचकाची दिशाभूल होऊ नये म्हणून सांगायला हवे, की तिची नायिका अमेरिकेतली आदिवासी तरुणी आहे आणि कथानक तिथल्या इंग्रज वसाहतीत घडते. जहाज फुटून निराधार झालेल्या एका इंग्रज तरुणाला ती वाचवते आणि तो आपल्या समाजात परत आल्यावर तिथल्या श्रीमंत सोयरिकीच्या मोहात सापडतो, असा तो प्रसंग आहे. १७७० मध्ये ‘स्मर्नाचा व्यापारी’ हे गुलामांच्या बाजारावरचे हलकेफुलके नाटक आले. १७६९ मध्ये नाटककार मोलिएरवरील गौरवपर निबंधाला फ्रेंच अकादमीचे, म्हणजे फ्रेंच भाषा-साहित्याच्या राजमान्य संस्थेचे, पारितोषिक मिळाले आणि १७७४ मध्ये बोधकथाकार ला फोंतेनवरील निबंधाला मार्सेच्या अकादमीचे.

त्याची शोकांतिका ‘मुस्तफा आणि झेआंझिर’ १७७६ मध्ये फाँतेनब्लोच्या राजवाड्यात राजाराणींसमोर झाली. राणी मारी आंत्वानेत इतकी प्रसन्न झाली, की त्याला वार्षिक १२०० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) इतके मानधन राजाकडून मंजूर झाले. दुसऱ्या वर्षी पॅरिसच्या प्रेक्षकांनी मात्र त्या नाटकाचे थंडपणे स्वागत केले. ते आज वाचताना प्रेक्षकांचे बरोबर होते, असे म्हणावे लागते. त्या काळच्या शोकांतिकेला जी भारदस्त, एकसुरी पद्यभाषा लागत असे, तिच्यात शाँफोरचा खरा आवाज कुठेच उमटत नाही. त्याला हवे होते ते बोलण्याच्या वेगाने चालणारे, एका श्वासात संपणारे गद्य.

दरबाराशी त्याचे नेमके नाते काय होते?

लाभार्थ्याचे, आणि त्याची टोचणी त्याला सतत होती. काँदेच्या राजपुत्राने त्याला आपला चिटणीस नेमले. ती नोकरी त्याने लवकरच सोडली. १७८१ मध्ये तो फ्रेंच अकादमीवर निवडून गेला. पुढे राजाची बहीण मादाम एलिझाबेत हिच्याकडेही त्याला पद मिळाले. राणीच्या निकटच्या वर्तुळातला आणि कलेची खरी जाण असलेला काउंट द व्होद्रय हा त्याचा स्नेही होता. त्याच्या पॅरिसमधील वाड्यात शाँफोर बराच काळ राहिला.

हे सगळे पाहून शाँफोरवर दांभिकपणाचा आरोप अनेकदा केला जातो. ज्यांच्या ताटात जेवला त्यांच्यावरच त्याने आग पाखडली, असा त्या आरोपाचा सूर असतो. त्यात वस्तुस्थितीचा भाग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हिशेब पूर्ण मांडायचा तर त्यात डिसेंबर १७८८ मधले पत्रही धरावे लागते. इस्टेट्स-जनरल, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, भरण्यापूर्वीच्या त्या दिवसांत, सामान्य जनतेच्या वर्गाची, म्हणजे ‘तिसऱ्या इस्टेट’ची, टर उडवणारे काही तरी लिही, अशी व्होद्रयने त्याच्याकडे मागणी केली. शाँफोरने पत्राने नकार कळवला. दोन कोटी चाळीस लाख माणसे एका बाजूला आणि सात लाख विशेषाधिकारी दुसऱ्या बाजूला असा हा खटला आहे आणि अशा विषयावर विनोद करता येत नाही, असे त्याने आपल्या आश्रयदात्याला स्नेह न सोडता, पण स्पष्ट शब्दांत सांगितले.

मधल्या काळात तो पॅरिस सोडून गेला होता, हे खरे का?

होय. विशीच्या मध्यावर झालेल्या एका दीर्घ आजाराने त्याची प्रकृती आणि देखणा चेहरा दोन्ही बिघडले, आणि त्यानंतर एकांताची ओढ त्याच्या आयुष्यात अधूनमधून उफाळून येत राहिली. १७८० नंतरच्या काही वर्षांत वयाने त्याच्याहून मोठ्या असलेल्या मादाम ब्युफाँ यांच्यासह तो पॅरिसबाहेर एताँपच्या परिसरात राहायला गेला. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो परतला. या सहवासाबद्दल त्याने फारच थोडे लिहिले, पण जे लिहिले आहे त्यात त्याच्या लेखनात एरवी न सापडणारी मृदुता आहे.

त्याचे प्रसिद्ध पुस्तक नेमके काय आहे?

शाँफोर रोज, नेमाने, कागदाच्या लहान तुकड्यांवर टिपणे लिहीत असे. कुठे ऐकलेले एखादे वाक्य, कुठे जेवणाच्या टेबलावर घडलेला प्रसंग, कुठे स्वतःचा निष्कर्ष. हे तुकडे तो पेट्यांमध्ये टाकून ठेवी. या साठ्यातून ‘परिपूर्ण झालेल्या संस्कृतीची निष्पत्ती’ अशा अर्थाच्या बोचऱ्या शीर्षकाचे पुस्तक करावे, आणि त्यात वचने, व्यक्तिविशेष व किस्से अशी विभागणी असावी, असे त्याच्या मनात होते. त्याच्या मृत्यूनंतर अनेक पेट्या नाहीशा झाल्या. जे हाती लागले ते त्याचा मित्र पिएर-लुई झँगने याने संपादित केलेल्या चार खंडांच्या समग्र लेखनात १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणजे आपण वाचतो तो ग्रंथ लेखकाने पूर्ण केलेला नाही, त्याचा क्रम लेखकाने लावलेला नाही, आणि मूळ साठ्याचा किती भाग त्यात उतरला हेही ठरवता येत नाही. एकाच विचाराची दोन रूपे त्यात सापडतात, काही टिपणे अर्धवट तोडल्यासारखी वाटतात. या अपुरेपणाने वाचकाचे नुकसान झाले, असे मात्र वाटत नाही. माणूस विचार करत असताना त्याच्या खांद्यामागे उभे राहून पाहिल्याचा अनुभव त्यामुळेच येतो.

त्याने ते हयातीत का छापले नाही?

हा प्रश्न त्याला त्याच्या काळातही विचारला जात असावा, कारण त्याच्या टिपणांत एक चक्क प्रश्नोत्तरी आहे. प्रश्न असा, की तुम्ही आता लोकांसमोर काही का ठेवत नाही? आणि त्याखाली एकामागून एक कारणे. लोकांची अभिरुची रसातळाला गेली आहे आणि निंदेची त्यांना चटक लागली आहे, हे एक. समंजस माणूस हेतूशिवाय काही करत नाही आणि यश मिळून तरी आनंद होणार नाही, पण अपयशाचा त्रास मात्र नक्की होईल, हे दुसरे. रिकाम्या गव्हाणीपुढे एकमेकांना लाथा झाडणाऱ्या गाढवांसारखे साहित्यिकांचे जे चालले आहे ते आपल्याला करायचे नाही, हेही त्यांतलेच एक. कारणांची ही यादी लांबत जाते, आणि वाचता वाचता लक्षात येते की यश मिळून चुकलेला माणूस त्या यशाची किंमत मोजून पाहतो आहे.

याखेरीज एक सरळ, व्यावहारिक कारणही होते. राजेशाहीच्या सेन्सॉरपुढे ही टिपणे तशीच्या तशी टिकली नसती, आणि ज्यांच्याविषयी ती होती त्यांच्या कृपेवरच त्याचे मानधन अवलंबून होते.

ला रोशफुको आणि शाँफोर यांच्यात फरक काय?

फ्रेंच सूक्तिकारांचा विषय निघाला की पहिले नाव ला रोशफुकोचे येते आणि शाँफोर त्याचा शिष्य ठरवला जातो. ही तुलना जरा सावकाश करायला हवी, कारण शाँफोरचे वेगळेपण तिच्यातूनच उघड होते.

ला रोशफुको (१६१३–१६८०) हा जन्माने ड्यूक. राजसत्तेविरुद्धच्या ‘फ्राँद’ बंडात उतरून पराभूत झाल्यावर त्याने लेखणी हाती घेतली. त्याच्या वचनसंग्रहाच्या १६६५ ते १६७८ या काळात त्याच्या देखरेखीखाली पाच आवृत्त्या निघाल्या, आणि शेवटच्या आवृत्तीत ५०४ वचने आहेत. प्रत्येक आवृत्तीत तो शब्द घासूनपुसून घेत गेला. आपले सद्गुण म्हणजे बहुधा वेष पालटलेले दुर्गुणच असतात, हे त्याचे मुख्य सूत्र. तो ‘माणूस’ या सर्वसाधारण प्राण्याविषयी बोलतो. त्याच्या वाक्यांत व्यक्ती, वर्ष, शहर, पैसा यांना जागा नाही. ती वाक्ये कुठल्याही काळात ठेवली तरी बसतात.

शाँफोरला हे नको होते. त्याच्या संग्रहाच्या आरंभीच तो असे म्हणतो, की वचने आणि सूत्रे ही बुद्धिमान माणसांनी मध्यम किंवा आळशी बुद्धीच्या लोकांच्या सोयीसाठी केलेली असतात. आळशी वाचक त्यांना सर्वत्र लागू करत सुटतो, विचारी वाचक मात्र त्यांच्या मर्यादा ओळखतो. सूक्तिसंग्रहाची सुरुवातच सूक्तीविषयी सावध करून होते, हे फार महत्त्वाचे आहे. माणूस असा का वागतो, यापेक्षा हा माणूस, या पदावर, या व्यवस्थेत असा का वागला, हे त्याला शोधायचे असते. म्हणूनच त्याच्या वचनांत जेवणावळी येतात, मानधने येतात, मंत्री येतात. समाजात दोनच मोठे वर्ग आहेत, एकाकडे भुकेपेक्षा जेवणे जास्त आणि दुसऱ्याकडे जेवणांपेक्षा भूक जास्त, हे त्याचे वाक्य ला रोशफुकोच्या लेखणीतून उतरले नसते. ते मनुष्यस्वभावाबद्दल काही सांगत नाही. ते वाटणीबद्दल सांगते.

फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूने १९४४ मध्ये शाँफोरच्या वचनांना लिहिलेल्या प्रस्तावनेत हाच धागा पकडला आहे. सूक्ती ही गणितातल्या समीकरणासारखी उलटसुलट करता येते, पण शाँफोर तसा नाही. तो खरे तर एका न लिहिल्या गेलेल्या कादंबरीचा लेखक आहे, असे काम्यूचे म्हणणे. आम्हांला ते पटते.

किश्शांना एवढे महत्त्व का द्यायचे? एखादे उदाहरण द्याल का?

राजाची लहान मुलगी आपल्या दाईबरोबर खेळते आहे. खेळता खेळता ती दाईचा हात पाहते, बोटे मोजते, आणि चकित होऊन विचारते, “हे काय, तुलाही माझ्यासारखी पाचच बोटे?” आणि खात्री करून घेण्यासाठी पुन्हा एकदा मोजते.

किस्सा एवढाच आहे. शाँफोरने त्याखाली एकही शब्द जोडलेला नाही. वंशश्रेष्ठत्वावर त्या काळात शेकडो पत्रके निघाली, पण त्या लहानग्या पोरीला हा प्रश्न का पडावा, तिच्या भोवतालच्या कोणी कोणी तिला न बोलता काय शिकवले असेल, हे इतक्या थोड्या जागेत कोणत्याच पत्रकाने दाखवले नाही. दुसरी मोजणी हे या किश्शाचे मर्म आहे. पहिल्या मोजणीने तिचा विश्वासच बसला नाही.

त्याच्या किश्शांत पुष्कळदा बोलणाऱ्याचे नाव नसते, नुसता ‘म’ हे अक्षर आणि फुल्या असतात. त्यांतले काही ‘म’ हे स्वतः शाँफोरच आहेत, असे अभ्यासक मानतात. स्वतःलाही त्याने इतरांच्या रांगेत, तिऱ्हाईत म्हणून उभे केले.

राज्यक्रांतीत त्याचा सहभाग कितपत होता?

मनापासूनचा आणि पदरचे गमावून केलेला. क्रांतीतला प्रभावी वक्ता मिराबो हा त्याचा जवळचा मित्र होता आणि मिराबोच्या लेखनात शाँफोरचा हात होता. जानेवारी १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रांतीचा विचारवंत सिएयेस याच्या गाजलेल्या पत्रकाचे शीर्षक, म्हणजे तिसरी इस्टेट म्हणजे काय, तर सर्वस्व, हे सूत्र शाँफोरनेच सुचवले होते, असे एका समकालीनाने सांगून ठेवले आहे. पॅरिसच्या बास्तीय तुरुंगाच्या पाडावानंतर तो जॅकोबिन क्लब या क्रांतिवादी संघटनेत सामील झाला, ‘मेर्क्यूर द फ्रान्स’मध्ये लिहू लागला, आणि क्रांतीच्या घटनांची चित्रे असलेल्या एका मोठ्या ग्रंथमालेच्या सुरुवातीच्या भागांचा मजकूर त्याने लिहिला. राजाकडून मिळणारी मानधने रद्द झाली, तेव्हा त्याचे स्वतःचे उत्पन्नही त्यात गेले. त्या निर्णयाचे त्याने समर्थनच केले.

अकादम्यांविषयीचा त्याचा पवित्रा सर्वांत वादग्रस्त ठरला. राष्ट्रीय सभेपुढे मिराबोने वाचावे म्हणून त्याने अकादम्या बंद करण्याची मागणी करणारा अहवाल लिहिला. एप्रिल १७९१ मध्ये मिराबोचा मृत्यू झाला आणि शाँफोरने तो मजकूर स्वतःच्या नावाने छापला. जिच्या पारितोषिकांवर तो मोठा झाला आणि जिचा तो सदस्य होता, त्याच संस्थेवर त्याने दरबारी खुशामतीचे आगर म्हणून हल्ला चढवला. तिचा सदस्य असलेल्या आबे मोरेले याने त्याला सविस्तर उत्तर दिले. ऑगस्ट १७९३ मध्ये कन्व्हेन्शनने, म्हणजे क्रांतिकाळातल्या राष्ट्रीय विधिसभेने, अकादम्या खरोखरच बरखास्त केल्या. मोरेलेची बाजू आज वाचताना अधिक समतोल वाटते, कारण शब्दकोशाचे काम करणारी संस्था आणि राजाची स्तुती करणारी संस्था या एकाच छताखाली असल्या तरी त्या वेगळ्या करता आल्या असत्या. शाँफोरला एवढा धीर उरला नव्हता.

मग दहशतपर्वाबद्दल, म्हणजे विरोधकांना सरसकट तुरुंगात आणि वधस्तंभावर धाडणाऱ्या काळाबद्दल, त्याची भूमिका काय होती?

ऑगस्ट १७९२ मध्ये गृहमंत्री रोलाँने त्याची राष्ट्रीय ग्रंथालयाच्या दोन प्रमुखांपैकी एक म्हणून नेमणूक केली. दुसरा होता पत्रकार कारा. पण क्रांतिकारकांमधल्या मवाळ जिराँदिन गटाचे दिवस फिरले आणि त्यांच्याशी जवळीक असलेल्यांभोवती फास आवळू लागला. अशा वेळी गप्प बसणे शाँफोरला जमले नाही. भिंतींवर ‘बंधुता अथवा मरण’ ही घोषणा रंगवलेली असे. तिचा अर्थ त्याने ‘माझा भाऊ हो, नाही तर ठार मारतो’ असा सांगितला आणि तो पॅरिसभर पसरला. या लोकांची बंधुता केन आणि आबेल यांच्यासारखी आहे, असेही तो म्हणे. बायबलमधल्या त्या दोन भावांपैकी एकाने दुसऱ्याचा खून केला होता.

राजेशाहीत असताना त्याने राजाला टीकेतून सोडले नाही आणि क्रांतीत असताना क्रांतिकारकांनाही सोडले नाही. दोन्ही वेळा तो त्या गोटाच्या आतच उभा होता, हे विसरता कामा नये.

त्याचा मृत्यू कसा झाला?

ग्रंथालयातल्याच एका कर्मचाऱ्याने त्याच्याविरुद्ध तक्रार केली आणि सप्टेंबर १७९३ मध्ये त्याला मादलोनेत तुरुंगात टाकण्यात आले. काही दिवसांनी सुटका झाली, पण एक शिपाई त्याच्यावर पाळत ठेवून त्याच्याच घरी राहू लागला. तुरुंगात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, अशी शपथ त्याने घेतली होती. नोव्हेंबरमध्ये पुन्हा अटकेचा हुकूम आला, तेव्हा त्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. त्या अवस्थेत त्याने अधिकाऱ्यांपुढे निवेदन लिहून दिले, की गुलामासारखे तुरुंगात नेले जाण्यापेक्षा स्वतंत्र माणूस म्हणून मरायची आपली इच्छा होती.

पुढचे काही महिने तो जगला. १३ एप्रिल १७९४ रोजी त्याचा मृत्यू झाला. अंत्ययात्रेला मोजकेच मित्र होते. दहशतीच्या त्या दिवसांत अशा माणसाच्या शवपेटीमागून चालणे हेही धाडस होते. या जगात हृदय एक तर फुटते नाही तर कांस्यासारखे कठीण होते, आणि अशा जगातून आपण अखेर निघालो, असे शब्द त्याने शेवटी सिएयेसपाशी काढले, असे सांगतात. हाच विचार त्याच्या टिपणांतही आहे.

स्त्रियांविषयीच्या त्याच्या वचनांचे काय?

त्यांतली बरीचशी कडवट आणि अन्याय्य आहेत. समाजात दिसणारे प्रेम म्हणजे दोन कल्पनातरंगांची देवघेव आणि दोन त्वचांचा स्पर्श, यापलीकडे काही नाही, हे वाक्य निदान स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडते. पण इतर अनेक वचनांत तो सरसकट स्त्रीजातीवर ठपका ठेवतो आणि तिथे त्याची एरवीची नजर काम करत नाही. ज्या पुरुषांना तो पद, उत्पन्न, भीती यांच्या संदर्भात पाहतो, त्यांच्याच बैठकीतल्या स्त्रियांना तो ‘स्वभावा’ने मोजतो. त्या काळाची रीत म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्याच काळात त्याचा परिचित काँदोर्से स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क द्यावेत, असे लिहीत होता.

पुढच्या लेखकांवर त्याचा प्रभाव कोणता?

जर्मनीत तो फ्रान्सपेक्षाही खोल रुजला. फ्रीड्रिश श्लेगेल आणि त्याच्या वर्तुळाने १७९७ च्या सुमारास ‘खंडलेखन’ हा स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून मांडला, त्यामागे नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या शाँफोरच्या टिपणांचे वाचन होते. शोपेनहॉवरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवनविवेकावरील निबंधाच्या आरंभी शाँफोरचेच वचन आहे: सुख सोपे नाही, ते स्वतःमध्ये सापडणे फार अवघड आणि अन्यत्र सापडणे अशक्य.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८८२ मध्ये त्याच्यावर एक संपूर्ण परिच्छेद लिहिला. माणसांची आणि गर्दीची इतकी जाण असलेला हा मनुष्य गर्दीच्याच बाजूला का गेला, हे नीत्शेला कोडे वाटते. त्याचे उत्तर तो शाँफोरच्या आईत शोधतो. तिच्यावरून उमराव वर्गाचा सूड घेण्याची प्रेरणा त्याच्या विवेकापेक्षा बलवान ठरली, असे त्याचे मत. तरी शाँफोर नसता, तर राज्यक्रांतीला तिची शोकात्म मार्मिकता आणि सर्वांत तीक्ष्ण नांगी लाभली नसती, हेही तो मान्य करतो. हा परिच्छेद सुंदर आहे, पण निदान अपुरे आहे. राजकन्येच्या पाच बोटांचा किस्सा टिपणाऱ्या माणसाला क्रांतीकडे जाण्यासाठी सूडाची गरज नव्हती.

रशियात पुश्किनने ‘येव्गेनी अन्येगिन’च्या आठव्या सर्गात नायकाच्या वाचनाच्या यादीत शाँफोरचे नाव घातले आहे. फ्रान्समध्ये स्तांदालपासून काम्यू आणि सिओराँपर्यंत त्याचे वाचक सापडतात.

रोज सकाळी बेडूक गिळण्याचे वचन त्याचे आहे का?

त्याच्या किश्शांत ते आहे, पण तिथेही ते त्याच्या तोंडी नाही. लासे नावाच्या एका सौम्य, पण समाजाची पुरती ओळख असलेल्या गृहस्थाच्या तोंडी त्याने ते घातले आहे: ज्याला दिवस उच्चभ्रू मंडळींत घालवायचा आहे त्याने सकाळी एक बेडूक गिळून घ्यावा, म्हणजे दिवसभरात त्याहून किळसवाणे काही वाटणार नाही. आज हे वाक्य मार्क ट्वेनच्या नावावर फिरते आणि कामाच्या नियोजनाचा सल्ला म्हणून दिले जाते. ट्वेनने असे लिहिल्याचा पुरावा नाही. मूळ किश्शात कामाचा संबंधच नाही, त्यात आहे ती बैठकीतल्या माणसांची शिसारी. संदर्भ तुटला की वचनाचा अर्थ किती दूर जातो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ज्या दिवशी हसलो नाही तो दिवस सर्वांत वाया गेला, हे वचनही त्याचेच ना?

होय, हे त्याचेच आहे. इंग्रजीत ते चार्ली चॅप्लिनच्या नावावर खपवले जाते.

मराठी वाचकाने सुरुवात कोठून करावी?

फ्रेंच येत असेल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या विनामूल्य वाचता येतात. शाँफोरने ज्या संस्थेचा कारभार पाहिला, तीच ही संस्था. इंग्रजीत अमेरिकन कवी डब्ल्यू. एस. मर्विन याचे १९६९ मधले भाषांतर विश्वासार्ह आहे आणि त्यात किश्शांनाही पुरेशी जागा मिळाली आहे.

आमची सूचना अशी, की आरंभ वचनांपासून न करता किश्शांपासून करावा. एका बैठकीत पंधरा-वीस किस्से वाचावेत, कोण कोणाशी आणि कोणत्या अधिकाराने बोलते आहे याकडे लक्ष ठेवावे, आणि मग वचनांकडे यावे. ‘नाही’ हा एक शब्द उच्चारता न आल्यामुळे जवळजवळ सर्व माणसे गुलाम राहतात, या त्याच्या वचनापर्यंत पोचाल, तेव्हा तो शब्द उच्चारू न शकलेली अनेक माणसे तुम्हांला नावानिशी भेटलेली असतील. वचनांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. म्हणून एखादे वचन उद्धृत करताना क्रमांकाबरोबर कोणती आवृत्ती वापरली, हेही नमूद करावे.